पीव्हीसीची टाकी आणि दुप्पट ताकद

‘रोबोटचं न्यूमॅटिक्स दुप्पट ताकदीचं करा : पाच सोप्या युक्त्या’ असा एक मेसेज सध्या या गटातून त्या गटात फिरतोय. न्यूमॅटिक्स म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रणा. माझ्याकडे तो भाचीमार्फत आला. तिचा संघ फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये, म्हणजे एफआरसीत उतरतोय. मेसेजखाली तिने लिहिलं होतं, “मामा, आमच्या सीनियर दादाने पाइप कापून आणलासुद्धा. चालेल ना?”

नाही चालणार. आणि नुसतं ‘नाही’ म्हणून तो दादा ऐकणार नाही, म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : पीव्हीसी पाइपला दोन्ही टोकांना टोपण चिकटवलं की हवेची टाकी तयार. रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी करून पुढे सोडणारा भाग, काढून टाकीतला 120 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब थेट सिलिंडरला, म्हणजे हवेने दांडा ढकलणाऱ्या नळकांड्याला, द्यावा. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारी झडप) फुसफुसला तर त्याचा स्क्रू आवळावा, दाब पुरेसा झाला की कंप्रेसर थांबवणारा प्रेशर स्विच आहेच की. कंप्रेसरचं वजन वाचवून हवा बाहेरून भरून आणावी. आणि प्रत्येक जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळावी.

पाइपपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक युक्त्यांनी फार तर सामन्याआधीचं इन्स्पेक्शन अडेल किंवा सामना हराल. ही युक्ती डोळा घेईल. मेसेजमधला युक्तिवाद असा की दोन इंची पाइपवर 280 पीएसआय छापलेलं असतं, आपण तर 120 च भरतोय. वाचायला बिनतोड वाटतं. पण तो आकडा पाण्याचा आहे, आणि तोही सुमारे 23 अंश सेल्सिअसचा. पाणी दाबलं जात नाही म्हटलं तरी चालेल. एक लिटर पाणी 120 पीएसआयला कोंडलं तर त्यात अर्धा ज्यूलही ऊर्जा साठत नाही. पाइप तडकला तर भस्सकन पाणी येतं आणि दाब तिथेच संपतो. तेवढ्याच जागेत तेवढ्याच दाबाची हवा कोंडली तर हिशेब हजार ज्यूलच्या आसपास जातो. म्हणजे दहा किलोचं वजन दहा मीटर उंचीवरून पडावं तेवढी ऊर्जा, आणि ती सगळी एका क्षणात बाहेर येते. पीव्हीसी ठिसूळ, फाटण्याऐवजी फुटतं. धारदार तुकडे चहूकडे उडतात.

हे माझं मत नाही. अमेरिकेच्या ‘ओशा’ने, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सरकारी यंत्रणेने, मे 1988 मध्ये नेमक्या याच विषयावर धोक्याची सूचना काढली होती : जमिनीच्या वर, उघड्यावर, दाबाखालच्या हवेसाठी पीव्हीसी पाइप वापरू नका. त्याआधी 1972 मध्ये खुद्द प्लास्टिक पाइपवाल्यांच्या संस्थेनेच हवा वाहून नेण्यासाठी किंवा साठवण्यासाठी असा उघडा पाइप वापरू नये, असं सांगितलं होतं. माल विकणारेच ‘यासाठी घेऊ नका’ म्हणतात, तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याने निदान एकदा विचार करायचा. कारखान्यातला पाइप भिंतीला शांतपणे टेकून असतो. इथे पन्नास-पन्नास किलोंची यंत्रं सुमारे अडीच मिनिटं एकमेकांना धडका देतात.

नियमांचं म्हणाल तर विषय एका ओळीत संपतो. जास्त दाबाच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या आधीच्या बाजूचा प्रत्येक भाग बाजारात मिळणारा, न्यूमॅटिक्ससाठीच बनवलेला आणि किमान 125 पीएसआयचा असावा लागतो. क्लिपार्ड कंपनीची एव्हीटी-पीपी-41 ही पांढरी टाकी तर रीतसर विकत मिळणारी होती. तिलाही नियमपुस्तिकेत नाव घेऊन मनाई आहे. तुमच्या डिंकाने चिकटवलेल्या टोपणाला कोण विचारतो?

आता रेग्युलेटर. साठ्यात 120, कामाला 60, हा नियम. थेट 120 दिल्यावर फटका दुप्पट बसतो, हे खरं आहे, नाकारत नाही. पण पहिला फटका. पाऊण इंच बोअर (आतला व्यास) आणि सहा इंच स्ट्रोक (दांडा सरकतो ते अंतर) असलेला सिलिंडर आणि 574 मिलिलिटरची एक टाकी घ्या. दांडा एकदा बाहेर आला की सुमारे 43 मिलिलिटर हवा गेली. कंप्रेसर बंद धरला, तर दर हालचालीला दाब साधारण आठ टक्क्यांनी उतरतो आणि नवव्या हालचालीला दाबमापकाचा काटा 60 च्या खाली दिसतो. म्हणजे प्रत्येक फटका वेगळ्या ताकदीचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काय जमवायचं? तीच टाकी रेग्युलेटरमधून वापरली तर 60 च्या एकसारख्या दाबावर साधारण दहा हालचाली मिळतात. रेग्युलेटरला हा मेसेज ‘ब्रेक’ म्हणतो. अहो, ताकद एकसारखी राहते ती त्याच्याचमुळे.

रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळा म्हणणाऱ्याने हे दोन भाग कशासाठी असतात ते पाहिलेलंच नाही. प्रेशर स्विच हा विजेचा मामला आहे : 115-120 च्या आसपास तो उघडतो, रोबोटच्या कंट्रोलरला कळतं, कंट्रोलर कंप्रेसर थांबवतो. या साखळीतली एक कडी तुटली की कंप्रेसर चालूच. एका सरावात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. स्विचच्या दोन टर्मिनलांमध्ये तारेचा केसाएवढा एक धागा अडकला होता. कंट्रोलरला वाटत राहिलं की दाब अजून कमीच आहे. काटा 120 ओलांडून सरकला, मुलं स्क्रीनकडे बघत होती, आणि 125 ला लावलेला रिलीफ व्हॉल्व्ह कर्कश फुसफुसला तेव्हा कुठे कुणीतरी मेन ब्रेकर पाडला. या व्हॉल्व्हला ना प्रोग्रॅम लागतो, ना वीज. आत फक्त स्प्रिंग असते. तोच आवळून बसलात तर पुढे काय होणार ते काटासुद्धा सांगणार नाही, कारण काट्यालाही मर्यादा असते.

बाहेरून हवा भरण्याची गोष्ट दुसऱ्या स्पर्धेतून उचललेली दिसते. व्हेक्समध्ये सामन्याआधी पंपाने टाकी भरतात, कमाल 100 पीएसआय. एफआरसीत हवा रोबोटवरच्या एकुलत्या एका कंप्रेसरनेच भरायची. दोन नियमपुस्तिकांची खिचडी केली की असं होतं.

टेफ्लॉन टेपचं अर्धं बरोबर आहे, कबूल. निमुळत्या आट्यांना ती लागतेच. पण नळी नुसती आत ढकलून बसवायच्या फिटिंगला टेपचा काही उपयोग नाही. तिथे गळती होते ती बहुतेक वेळा नळी तिरकी कापल्यामुळे. आणि आट्यांवरसुद्धा टोकाचे एक-दोन आटे मोकळे सोडायचे, नाहीतर टेपचा तुकडा सुटून थेट सोलेनॉइडमध्ये, म्हणजे सिलिंडरला हवा सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हमध्ये, जाऊन बसतो. मग रात्री बारा वाजता ‘व्हॉल्व्ह खराब निघाला’ म्हणून ओरडा.

हे सगळं भाचीला सांगितल्यावर तिचा रास्त प्रश्न आला, “पण आम्हाला ताकद खरंच कमी पडतेय, त्याचं काय?” त्याचं उत्तर दाबात नाही, बोअरमध्ये आहे. ताकद म्हणजे दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. पाऊण इंचाचा सिलिंडर 60 ला साधारण 12 किलो ढकलतो. बोअर एक पूर्णांक एक सोळांश इंच केला, आणि हे नेहमी मिळणारं मापच आहे, की क्षेत्रफळ जवळपास नेमकं दुप्पट होतं : 24 किलो, तेही 60 लाच. हवा जास्त लागेल, म्हणून टाकी एक वाढवायची, विकतची. दांडा आत ओढताना ताकद थोडी कमी मिळते, कारण त्या बाजूचं काही क्षेत्रफळ दांडाच अडवतो. म्हणून जड काम बाहेर ढकलण्याकडे ठेवायचं. आणि हालचाल सुस्त वाटत असेल तर सोलेनॉइड सिलिंडरच्या जवळ आणून नळी आखूड करायची.

नवा सिलिंडर त्याच ब्रॅकेटमध्ये बसतो का, हे ती उद्या मोजणार आहे. पाइप दादाला परत देऊन झालाय.