चिंचेच्या आकड्यांची लिपी

परवा आमच्या पुण्याच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला: परक्यानं आपला इतिहास लिहावाच का? ‘त्यांना काय कळतंय आपलं?’ असं चुलतभावानं टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली.

मी तेव्हा थायलंडच्या चियांग माईत, वाट चियांग मान या देवळात, १५८१ सालच्या शिलालेखासमोर उभा होतो. हे शहर १२९६ साली कसं वसवलं, ते त्यावर कोरलंय. लिपीचं नाव ‘फाक खाम’, म्हणजे चिंचेची शेंग. आणि अक्षरंही तशीच, आकड्यांसारखी बाकदार. मला ओ की ठो कळलं नाही. शेजारी उदबत्ती लावणाऱ्या मुलीलाही नाही; शाळेत ती शिकली ती बँकॉकची लिपी. हसायचं कशाला, आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद मलाही तसेच दिसतात.

हे आकडे ज्यांनी आयुष्यभर सोलले, त्यांत एक जर्मन होता, हान्स पेन्ट. १९३७ चा जन्म, २००९ ला गेले. इथल्या विद्यापीठात त्यांनी लान्ना शिलालेखांचा संग्रहच उभा केला. लान्ना म्हणजे दहा लाख भातखाचरं, या उत्तरेकडच्या जुन्या राज्याचं नाव. बुद्धमूर्तींच्या बैठकीवरचे लेख त्यांनी वाचले आणि त्यावरचं पुस्तक थाईत लिहिलं. पुढचे खंड थाई सहकाऱ्यांबरोबर केले.

या लेखांत राजांच्या लढायांपेक्षा हिशेबच जास्त. देवळाला कुणी किती शेतं दिली, सेवेला किती माणसं लावून दिली, आणि हे दान जो मोडेल तो अवीची नरकात जावो. मला आपली गधेगाळ आठवली. शिलाहारांच्या काळी तोच शाप दगडावर चित्र काढून दिलाय, गाढव आणि आई यांच्यासह. त्यामानानं लान्नाचे लोक फारच सभ्य.

इथेही सगळं गुण्यागोविंदानं चालतं असं नाही. राजघराण्याबद्दल बोलताना लोक जीभ आवरतात, कायदाच तसा आहे. सुखोथाईचा राजा रामखामहेंग याचा १२९२ चा शिलालेख, थाई लिपीतला सगळ्यांत जुना मानला जाणारा, एकोणिसाव्या शतकात बनवलेला असावा, अशी शंका १९८० च्या दशकात निघाली तेव्हा बरीच आदळआपट झाली. पण शंका घेणाऱ्यांत परदेशी होते तसे थाईही होते, आणि भांडण स्वर ओळीत का लिहिलेत, अमुक शब्द तेव्हा होता का, इथपर्यंत गेलं. म्हणजे दगड वाचावाच लागला.

आपल्याकडे जेम्स लेन या अमेरिकन लेखकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून २००४ च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेत कपाटं फोडली, त्यात वाचायचा प्रश्नच नव्हता. परक्याचं सगळं डोक्यावर घ्या, असं मी म्हणत नाही. पेन्टही चुकले असतीलच. पण गुंथर सोंथायमरही जर्मनच होते. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबाच्या मागे ते धनगरांबरोबर रानोमाळ हिंडले. तेव्हा आपल्यातले किती जण धनगरवाड्यावर बसायला गेले होते?

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात झाली, तेव्हा याच ग्रुपवर पेढे वाटले होते, चित्रातले. म्हणून मी चुलतभावाला एवढंच विचारलं, आजोबांची ट्रंक कुठेय?

‘माळ्यावरच आहे. वाचणारा कुणी भेटला तर कळव.’