गवताला दिलेलं शेत पडीक नसतं

‘भुकेल्या जगाच्या तोंडचा घास काढून गवत वाढवणार का?’ अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एखाद्या कुटुंबानं आपलं पिढीजात शेत प्रेअरीसाठी, म्हणजे इथल्या मूळ गवताळ माळासाठी, कायमचं राखून लोकांना खुलं केलं की हा मजकूर फिरायला लागतो. आपल्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही तो येतो. जोडीला तीन आरोप असतात: जमीन पडीक पडते, पोरांचा हक्क बुडतो आणि वर हे लोक तिला आग लावतात. दर हिवाळ्याआधी मी अशा माळावर बी गोळा करायला जातो, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी घासाचं. इथला बहुतेक मका माणसाच्या ताटात येतच नाही. अमेरिकेतल्या मक्याचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा इथेनॉलसाठी जातो आणि दुसरा मोठा वाटा जनावरांच्या खाद्यात. उलट प्रेअरीकडून किती घेतलं ते बघा. एकेकाळी इलिनॉयमध्ये सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती. 1837 साली ग्रँड डिटूर गावात जॉन डीअरनं पोलादी नांगर घडवला, फाळाला चिकटून बसणारी काळी माती सुटून पडायला लागली आणि बघता बघता जवळजवळ सगळा माळ नांगराखाली गेला. आज अस्सल जुनी प्रेअरी उरली आहे अडीच हजार एकरांच्या आसपास. दहा हजार एकरांमागे जेमतेम एक!

‘पडीक’ हा शब्द मात्र मला खरोखर लागतो. ऑक्टोबरात बिग ब्लूस्टेम हे प्रेअरीचं गवत डोक्याच्या वर गेलेलं असतं. त्याचा तुरा तीन बोटांचा, टर्की पक्ष्याच्या पायासारखा. कमरेला बादली बांधायची, तुरा मुठीत धरून ओरबाडायचा; संध्याकाळपर्यंत बोटं सोलतात आणि मोज्यांत कुसळं भरतात. हेच बी जुन्या मक्याच्या शेतात पेरलं जातं. मग वर्षानुवर्षं बाहेरचं तण उपटत राहायचं. 1986 पासून इलिनॉयमधल्या नाचुसा या राखीव माळावर असंच चाललंय. 2014 मध्ये तिथं बायसनही, म्हणजे इथले रानगवे, परत आले. या गवताची मुळं आठ फूट खोल जाऊ शकतात, मक्याचं धसकट नांगराच्या एका फेरीत उपटून येतं. शेजारच्या आयोवात संशोधकांनी शेताच्या फक्त दहा टक्के भागात प्रेअरीचे पट्टे पेरून पाहिले, तर वाहून जाणारी माती सुमारे 95 टक्क्यांनी घटली. म्हणजे गवतानं शेतच राखलं.

आगीबद्दल थोडक्यात. वारा बघून, परवानगी काढून, आग पसरू नये म्हणून चारी बाजूंनी जाळरेषा आखून ती लावतात. गवताचा कोंब जमिनीखाली सुरक्षित असतो. जळतात ती माळ गिळायला आलेली झुडपं.

राहिला पोरांचा हक्क. संवर्धन कराराखाली, म्हणजे जमीन कायमची राखण्याच्या कायदेशीर कराराखाली, मालकी घराकडेच राहू शकते. जमीन विकता येते, वारसांना देता येते. प्लॉट पाडता येत नाहीत, कारण करार जमिनीबरोबर पुढे जातो. लोकांना आत येऊ द्यायचं की नाही हेही करारात ठरतं. पण एक आक्षेप मी मान्य करतो: जमिनीचे भाव इतके चढलेत की नव्यानं शेती करू पाहणाऱ्याला ती परवडत नाही, आणि प्रत्येक राखीव एकरामागे त्याच्यासाठी एक एकर कमी होतो. म्हणूनच उताराची, ओढ्याकाठची, पाणी साचणारी जमीन आधी माळाला द्यावी आणि सपाट काळी रानं कसणाऱ्याकडे राहावीत, असं मला वाटतं.