‘सोड’ शिकवायची घाई नको

घरात बेल्जियन मॅलिनॉइस जातीचा कुत्रा आणायचा म्हणताय? उत्तम. इंदुरात आमच्या मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एक आहे, त्यामुळे चार शब्द अधिकाराने सांगू शकतो. आमच्या आईच्या डाव्या मनगटाला सध्या प्लास्टर आहे. तेच या अधिकाराचं प्रमाणपत्र समजा.

सुरुवात रील बघण्यापासून करा. ज्याच्याकडे असा कुत्रा आहे त्याच्या घरी जाऊन दोन तास बसणं, पिल्लाचे आई-बाप बघणं, ही रिकामटेकड्यांची कामं. रीलमध्ये तो भिंत चढतो, जीपच्या खिडकीतून आत उडी घेतो, मागे ढणढण संगीत. झालं, ठरलं. 2011 साली ॲबटाबादला बिन लादेनच्या घरावर गेलेल्या अमेरिकन तुकडीत कैरो नावाचा मॅलिनॉइस होता, हे पाठ करून ठेवा. पाहुण्यांना पोहे-जिलबीबरोबर सांगायला बरं पडतं. आपल्या लष्कराचे ॲक्सेल आणि झूम हेही याच जातीचे, दोघेही 2022 मध्ये काश्मीरमध्ये अतिरेक्यांच्या गोळ्यांनी गेले, तेही आवाज जड करून सांगा. त्या कुत्र्यांमागे रोज राबणारा एक माणूस असतो, एवढं मात्र सांगू नका. इथे ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे कुत्र्याबरोबर माणसालाही शिकवतात म्हणे. आपल्याला काय गरज? आपण शिकूनच जन्माला आलोय.

जागेची चिंता करू नका. बेल्जियममध्ये मेंढरांमागे दिवसभर पळण्यासाठी तयार केलेलं पंचवीस-तीस किलोचं जनावर, त्याला सहा बाय चारची बाल्कनी पुष्कळ झाली. शिवाय सोबतीला वॉशिंग मशीन आहे, तुळस आहे. तो सकाळी साडेपाचला भुंकायला लागेल. कोणी वर येऊन बेल वाजवली तर ‘फारच अलर्ट आहे हो’ असं कौतुकाने म्हणा. खाली अंगणात मुलं खेळताना दिसली की तो त्यांना कोपऱ्यात जमवायला बघेल, टाचेला तोंड लावेल. मेंढरं नाहीत, तर मुलं. त्याचं त्याच्या परीने कामच चाललंय.

संध्याकाळी कंटाळलेला दिसला तर भिंतीवर लेसरचा ठिपका नाचवा. थोड्या दिवसांत तो पंख्याच्या सावलीवरही झडप घालू लागेल, म्हणजे पुढचा सेलचा खर्च वाचला.

शी उचलू नका. 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरची पाटी मिरवणाऱ्या शहराला काहीतरी काम हवं की नको?

भाषा जर्मनच ठेवा. तिसऱ्या मजल्यावर आजी मराठीत बोलतात, मुलगा हिंदीत, नातवंडं इंग्रजीत, आणि कुत्र्याला ‘प्लाट्झ!’, म्हणजे आडवा हो. कुत्रा आजींचं ऐकतो, कारण पोळी त्यांच्या हातात असते.

मॅलिनॉइस परवडत नसेल तर हस्की घ्या. बी विंगमध्ये आहे एक. सैबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फात स्लेज ओढायला वाढवलेली जात. 1925 मध्ये अलास्कातल्या नोम गावाला घटसर्पावरचं औषध पोचलं ते अशाच स्लेजच्या कुत्र्यांमुळे. त्याला मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, दुपारी चार वाजता डांबरी रस्त्यावर फिरवायचं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांतून, तोही नावापुरता. बाकी सगळी भिस्त लपलपणाऱ्या जिभेवर. तरीही फार धापा टाकायला लागला तर छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत नेऊन फोटो काढा, निळे डोळे छान येतात.

आता मुख्य विषय, चावा.

हा घरच्या घरी शिकवावा. छावणीतल्या धान्यबाजारातून जुनं बारदान आणायचं, त्याची गुंडाळी करून हाताला बांधायची, गच्चीवर जाऊन कुत्र्यापुढे फडफडवायची. तागात दात चांगले रुततात, म्हणून जगभर या कामाला तागाची बाही वापरतात, एवढं ज्ञान व्हिडिओतून मिळतंच. कुत्र्याने तोंड भरून धरलं की ‘शाब्बास, कमांडो!’ (कमांडो हे त्याचं नाव. दुसरं काय असणार?) व्हिडिओच्या पुढच्या भागात धरलेलं सोडायला शिकवतात. तो भाग बघू नका. तो कंटाळवाणा असतो. त्यात कुत्रा नुसता बसलेला दिसतो, माणूस तेच ते शंभरदा करतो, आणि मागे संगीतही नसतं. दीड महिना आमच्या गच्चीवर हे चाललं होतं. आम्ही वाळवणाच्या सेवया उचलून खाली आणल्या आणि गप्प बसलो. चूक आमची.

मागच्या शनिवारी आई भाजी घेऊन आली. वय 71. शहर पहिलं आल्यापासून तिने प्लास्टिकची पिशवी घरात येऊ दिलेली नाही. तिची पिशवी तागाची.

लिफ्टचं दार उघडलं. आतून कमांडो, पट्टा नाही. त्याने जे शिकवलं होतं तेच केलं, आणि काय सुंदर केलं! पिशवी तोंड भरून धरली, मागे रेटा दिला, मान झटकली. पिशवीचा बंद आईने मनगटाला वेढा देऊन धरलेला होता. शिवाय आत गिलकी होती, मेथी होती, भाजीवाल्याने वरून कोथिंबीर घातली होती, ती कशाला सोडेल! मालक मागून आले. आधी ‘आउस! आउस!’ मग ‘नो, बेटा, नो!’ कुत्र्याने हे शब्द याआधी कधी ऐकले असतील तर ना. मग काय सुचावं माणसाला? म्हणाले, ‘‘काकू, तुम्ही सोडा ना पिशवी!’’

म्हणजे दीड महिन्यात ‘सोड’ हा हुकूम त्या घराने एकदाच दिला, तोही आमच्या आईला.

आई पडली. मनगटाचं हाड मोडलं, बोटावर दाताचा ओरखडा. पुढचं वाक्य तुम्हाला ठाऊकच आहे. ‘‘काही करत नाही हो तो, खेळतोय.’’

ओरखडा पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतला. कुत्र्याला रेबीजची लस दिलीय का विचारलं, तर ‘‘दिलीय ना.’’ कार्ड? कार्ड गाडीत आहे. गाडी सर्व्हिसिंगला आहे. गाडी आली, कार्ड गावाला आहे. डॉक्टरांनी कार्डाची वाट न बघता पहिल्याच दिवशी सुई टोचली. मग तिसरा दिवस, सातवा दिवस. आता चौदावा आणि अठ्ठाविसावा राहिलाय. एका हातात प्लास्टर, दुसऱ्या दंडात सुया, आणि रोज खालून विचारणा होते, ‘‘काकूंची तक्रार वगैरे काही नाही ना?’’

तक्रार आहे. कुत्र्याविरुद्ध नाही. त्याची पै इतकी चूक नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून ज्याला दिवसभर काम मागायला लावलं, त्याला तुम्ही बाल्कनीत कोंडलंत, आणि काम दिलंत ते एकच, ते म्हणजे ताग दिसला की धर. हाक मारली की येणं शिकवलं नाहीत, बसून राहणं शिकवलं नाहीत, सोडणं शिकवलं नाहीत, कारण त्याची रील होत नाही. आधी पट्टा लावा. तोंडाला जाळी लावायची सवय करा, हळूहळू, खाऊ देत देत. पहाटे उठून तासभर तुम्ही त्याच्याबरोबर चाला, नोकर नाही, तुम्ही. वास काढून वस्तू शोधायला लावा, डोकं दमलं की अंगही निवतं. जमत नसेल तर शिकवणाऱ्या माणसाकडे जा आणि फी भरा. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम दिला नाही, तर तो गुन्हा आहे. साठच्या साली लोकांना कळत होतं! आणि पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्याबद्दल नव्या न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मी ते कलम छापून लिफ्टमध्ये चिकटवलं. कोणीतरी फाडलं. कमांडोने नव्हे.

परवा कमांडोचे मालक जिन्यात भेटले. फार समजूतदार चेहरा करून म्हणाले, महूच्या बाजूला ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे, तिकडे नेऊन सोडतो याला, मोकळं राहील बिचारं. तिथे कोण बघणार त्याच्याकडे, तर चौकीदार. चौकीदाराला माहीत आहे का, तर सांगू.

आई दारात उभी राहून ऐकत होती.

‘‘ते मग बघू,’’ ती म्हणाली. ‘‘आधी ते कार्ड आणून दे.’’