वॉरंटी बुडाली तर सरकार पैसे देतं म्हणे!

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपांवर गाडीच्या एक्सटेंडेड वॉरंटीबद्दल, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळे पैसे देऊन घेतलेल्या हमीबद्दल, एक मेसेज फिरतोय: "अमेरिकेत एक्सटेंडेड वॉरंटी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला कायद्याने इन्शुरन्स घ्यावाच लागतो. कंपनी बुडाली तर सरकार पैसे देतं. काहीही बिघडलं तरी भरून मिळतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये ऑइल बदललं की मूळ वॉरंटी जाते, म्हणून आजच घ्या." माझा भाचा जुनी कोरोला घेऊन बसलाय, आणि या मेसेजवर विसंबून पैसे भरायला निघाला होता. म्हणून लिहितेय.

आधी "सरकार पैसे देतं". कुठलं सरकार? राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेने, म्हणजे एनएआयसीने, सर्व्हिस काँट्रॅक्टसाठी (एक्सटेंडेड वॉरंटीचं कागदावरचं नाव) राज्यांसाठी नमुना कायदा करून ठेवलाय. त्यात कंपनीला तीन पर्याय आहेत, त्यांतला कुठलाही एक चालतो. एक, ग्राहकांच्या दाव्यांसाठी विमा. दोन, राखीव निधी: घेतलेल्या पैशातून दिलेले दावे वजा करून उरेल त्याच्या किमान 40 टक्के, शिवाय राज्याकडे अनामत. तीन, 10 कोटी डॉलरची नक्त, म्हणजे देणी वजा जाता उरणारी, मालमत्ता. म्हणजे इन्शुरन्स "घ्यावाच लागतो" असं सरसकट नाही. वर गंमत अशी, की विमा नसेल तर या करारामागे कंपनीची स्वतःची पत आहे, असं करारावरच छापावं लागतं. ते वाक्य दिसलं तर कंपनी बुडाल्यावर कोणाचं दार ठोठावणार?

कॅलिफोर्नियापुरतं मात्र मान्य करावं लागेल: इथे डीलर किंवा तिसरी कंपनी हमी देत असेल, तर साधारणपणे त्या हमीमागे विमा लागतो. पण तो सरकारचा नव्हे, खासगी विमा कंपनीचा. नमुना कायद्यानुसार कागदपत्रं देऊन 60 दिवसांत काम झालं नाही, तर ग्राहक थेट त्या विमा कंपनीकडे जाऊ शकतो. आणि तीही करारात आहे तेवढंच देणार.

त्यामुळे "काहीही बिघडलं तरी" ही शुद्ध थाप. झिजणारे भाग आणि आधीपासूनचे बिघाड साधारणपणे वगळलेलेच असतात. सगळी दुरुस्ती फुकट असल्याचा भास देणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात असे करार विकणाऱ्या कारशील्ड कंपनीने 2024 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी (ग्राहकांची फसवणूक रोखणारी केंद्रीय सरकारी संस्था) 1 कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

ऑइलचं म्हणाल तर वॉरंटीबद्दलच्या 1975 च्या मॅग्नुसन-मॉस या केंद्रीय कायद्यानंतर ही भीती घालणं बंद व्हायला हवं होतं. बाहेर सर्व्हिसिंग केलं एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही. पावत्या ठेवा, झालं.

फोनवर गोड बोलणारा बहुधा नुसता विक्रेता असतो. पैसे देण्याची जबाबदारी दुसऱ्याच कंपनीची. मिझुरी राज्यातली यूएस फिडेलिस कंपनी अशीच विकणारी होती, 2010 मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा करारावर दोन नावं शोधा: जबाबदार कंपनी आणि तिच्यामागची विमा कंपनी. ज्यांनी कॅलिफोर्नियात आधीच पैसे भरलेत, त्यांनी तारीख बघा. मूळ वॉरंटी संपलेल्या जुन्या गाडीवरचा करार हातात पडल्यापासून 30 दिवसांत, एकही क्लेम केला नसेल तर, लेखी रद्द करून सगळे पैसे परत मागता येतात.