अटॅचमेंट स्टाइल म्हणजे आघाताचे निदान नव्हे

"दहा प्रश्नांची उत्तरे द्या. तुमची अटॅचमेंट स्टाइल 'भयग्रस्त' निघाली, तर तुम्हाला कॉम्प्लेक्स ट्रॉमा आहे, तो पहिल्या दोन वर्षांत आईकडून आला आहे आणि आता जन्मभर जाणार नाही," अशा आशयाचा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. अटॅचमेंट स्टाइल म्हणजे जवळच्या नात्यांत जोडले जाण्याची आपली शैली; जवळीक हवीही वाटते आणि तिची भीतीही वाटते, ती 'भयग्रस्त' शैली. कॉम्प्लेक्स ट्रॉमा म्हणजे दीर्घकाळ किंवा वारंवार सोसलेल्या आघातातून होणारा मानसिक विकार. या मजकुरातले तिन्ही दावे चुकीचे आहेत आणि ते वाचून साठीतल्या आया स्वतःला दोष देत बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिला दावा निदानाचा. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यानुसार कॉम्प्लेक्स ट्रॉमाच्या विकारात घडलेला प्रसंग आत्ताच घडतो आहे असे वाटणे, त्याची आठवण टाळणे आणि सतत धोका जाणवणे ही लक्षणे असावी लागतात. त्यांच्या जोडीला भावना न आवरणे, आपण नालायक आहोत अशी पक्की समजूत आणि नाती टिकवता न येणे हेही असावे लागते. नवऱ्याने मेसेज वाचला, निळ्या खुणा उमटल्या, तासभर उत्तर नाही आणि बायकोच्या पोटात गोळा आला, ही नात्यातली असुरक्षितता झाली. पण दाराची कडी वाजताच जिचे हात गार पडतात आणि जिला पोळी लाटता लाटता वीस वर्षांपूर्वी पिऊन आलेला बाप समोर दिसतो, तिचे दुखणे वेगळे आहे. दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात, आणि भयग्रस्त शैलीचा आघाताच्या लक्षणांशी संबंध अभ्यासांत दिसतोही; मात्र नात्यांतली अडचण दोन्हीकडे मोजली जात असल्याने काही साम्य आपोआपच येते.

दुसरा दावा आईचा, आणि तो सर्वांत अन्यायकारक आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या, मुलांची शैली ओळखण्याच्या प्रयोगात साधारण वर्ष-दीड वर्षाच्या मुलाची आई काही मिनिटे खोलीबाहेर जात असे आणि ती परतल्यावर मूल काय करते ते पाहिले जाई. प्रौढांच्या प्रश्नावल्यांचा उगम मात्र हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रेमसंबंधांवर केलेल्या कामात आहे, त्यामुळे त्यांच्या गुणांवरून पाळण्यातले दिवस वाचता येत नाहीत. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये कॉम्प्लेक्स ट्रॉमाची संकल्पना मांडली, तेव्हा बालपणीच्या छळाबरोबर युद्धकैदी आणि घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियाही त्यांच्यासमोर होत्या. चांगल्या घरात वाढलेल्या मुलीचा विश्वास लग्नानंतरच्या दहा वर्षांच्या मारहाणीने तुटू शकतो. तिथे आघात आधी आणि भयग्रस्त शैली नंतर येते.

"जन्मभर" हा तिसरा दावा तर टिकतच नाही. बालपणीची शैली मोठेपणी तशीच राहते असे दीर्घकालीन अभ्यासांत ठामपणे दिसलेले नाही, आणि आघातावर केंद्रित मानसोपचाराने प्रसंग पुन्हा जगण्याचा त्रास पुष्कळांचा कमी होतो. कडीच्या आवाजाला दचकणारी ती बाई "आता हे असेच राहणार" असे वाचून उपचाराला जातच नसेल, तर तिचे खरे नुकसान तिथेच होते आहे.