डीपी जळाल्यावर मोटारीला काय दोष?
अल्झायमरवरच्या तुमच्या लेखात या विस्मरणाच्या आजाराचं सगळं खापर मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या गुठळ्यांवर फोडलंय, ते अर्धंच पटलं. मेंदू वजनानं शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. ती पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांत, म्हणजे पेशीतल्या वीजघरांत, बिघाड झाला की पेशी उपाशी. आमच्या परभणीकडं डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला की विहिरीवरची चांगली मोटारही गप्प बसते, तसंच. स्वर्डलो आणि खान या संशोधकांनी २००४ मध्ये म्हातारपणी होणाऱ्या अल्झायमरबद्दल हेच मांडलं : बिघाड आधी मायटोकॉन्ड्रियांत, गुठळ्या नंतर. अर्थात हे गृहीतकच. गुठळ्याही उलट मायटोकॉन्ड्रियांना इजा करतातच.

माझी माय आता मला भाऊ समजते, जात्यावरच्या ओव्या मात्र बिनचूक म्हणते. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात हे वाचल्यापासून गाडीची चावी सापडली नाही तरी धस्स होतं.