पित्त झालंय म्हणून सांग

हिंजवडीत आयटीत असलेल्या माझ्या मैत्रिणीला गेल्या पावसाळ्यात मेनियर्सचं निदान झालं. त्याच रात्री तिनं मला इंग्लंडात लीड्सला फोन लावला, कारण सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजातल्या आमच्या बॅचमध्ये हे दुखणं घेऊन नोकरी करणारी तिच्या माहितीतली मीच एक. गोळ्यांबद्दल बोलून झालं, मिठाबद्दल झालं. मग तिनं खरा प्रश्न विचारला, "ऑफिसात काय सांगू?" मी तोंड उघडायच्या आत पलीकडून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "पित्त झालंय म्हणून सांग."

सल्ला वेडगळ नव्हता. आपल्याकडे पित्ताला मान आहे. पित्तानं डोकं उठतं, उलट्या होतात, गरगरतं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस डबा घेऊन हजर असतो. पित्तापायी कुणाचं अप्रेझल अडल्याचं मी ऐकलेलं नाही. शिवाय बाईमाणूस ऑफिसात उलटी करून आलं की "गोड बातमी का गं?" हे ठरलेलं, आणि त्यावर पित्ताइतकं सोयीचं उत्तर दुसरं नाही.

मेनियर्स हे आतल्या कानाचं दुखणं. तिथल्या पातळ पडद्याच्या पोकळीतला द्रव साठून ती फुगते, हे १९३८ साली लंडनला आणि जपानमध्ये, मृत रुग्णांचे कान तपासताना, स्वतंत्रपणे दिसून आलं. झटका आला की वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत खोली फिरते. नुसती भोवळ नव्हे. भिंत डावीकडून उजवीकडे सरकते, झटक्यात जागेवर येते, पुन्हा सरकते, आणि डोळे मिटले तरी सुटका नाही. कानाला दडा बसतो, भणभण सुरू होते, ऐकू कमी येतं. खालचे स्वर आधी जातात. मला ते पहिल्यांदा कळलं पेटीवर. काळी दोनचा सा उजव्या कानात नीट होता आणि डाव्यात चढलेला, बेसूर. सूर बिघडलेत म्हणून रविवारची अख्खी दुपार मी पेटी उघडून बसले होते.

ज्याच्या नावानं हे दुखणं ओळखतात तो प्रॉस्पेर मेनियेर पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेत डॉक्टर होता. असले झटके मेंदूत रक्त साचल्यामुळे येतात असं तेव्हा समजत. हे मेंदूचं नव्हे, कानाचं आहे, असं त्यानं १८६१ साली मांडलं. भलत्याच अवयवावर खापर फोडायची रीत जुनीच म्हणायची. तिकडे मेंदू होता, आपल्याकडे पित्त, नाहीतर मान. माझ्या मैत्रिणीनं निदान होण्याआधी आठ महिने गळ्यात पट्टा घातला होता.

माझं काम पुलांच्या पाहणीचं. २०१९ च्या मार्चमध्ये मी इथल्या एका जुन्या रेल्वे पुलाच्या कमानीखाली परांचीवर उभी होते. विटांच्या कमानीत आतले थर एकमेकांपासून सुटलेत का, हे बाहेरून दिसत नाही. छोट्या हातोडीनं ठोकत जायचं आणि कान द्यायचा. घट्ट वीट टणक वाजते, मागे पोकळी असली की आवाज खाली उतरतो, भद्द होतो. तिथं खडूनं गोल करायचा. दहा वर्षं मी हेच करत आले होते, आणि या कानावर माझा विश्वास होता. त्या सकाळी सगळ्याच विटा सारख्या वाजायला लागल्या. मी दोनदा मागे जाऊन आधीचे गोल पुन्हा ठोकले. तिसऱ्यांदा ठोकायला हात उचलला आणि कमानच वळायला लागली. परांचीचा आडवा पाइप दोन्ही हातांनी कवटाळून मी खाली बसले. बरोबरच्या माणसानं माझा पट्टा धरून ठेवला आणि चाळीस मिनिटं तो फुटबॉलबद्दल बोलत राहिला. त्यातलं मला निम्मंच ऐकू आलं, पण तो आवाज एका जागी स्थिर होता आणि तेवढंच तेव्हा पुरे होतं.

पुढे काय झालं ते सांगते, कारण मुद्दा तिथंच आहे. इथं आजारपणाचा डॉक्टरी कागद २०१० पासून बदलला. 'कामाला योग्य नाही' याच्या जोडीला 'या अटींवर काम करू शकेल' असाही रकाना आला. त्याखाली चार चौकटी: हळूहळू रुजू होणं, कामाच्या वेळा बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं, जागेत सोय करणं. माझ्या डॉक्टरनं तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि खाली एक ओळ लिहिली, उंचीवर काम नको. त्याच वर्षी आलेल्या समानता कायद्यात अपंगत्वाची टक्केवारी नाही. अडचण मोठी आहे का, बारा महिने टिकेल का, एवढंच पाहतात. येऊन-जाऊन असलेलं दुखणं पुन्हा उलटण्याची शक्यता असेल तर ते चालूच धरतात. मात्र मालकाची जबाबदारी त्याला कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून सुरू होते. पित्त सांगितलं असतं तर मला यातलं काहीच मिळालं नसतं.

आता मी खाली बसून इतरांनी वर जाऊन ठोकलेल्या विटांचे अहवाल तपासते, आणि परांच्या-आधारांची गणितं करते. मीटिंगमध्ये माझी खुर्ची ठरलेली, डावा कान भिंतीकडे. सुरुवातीला हे पाय कापल्यासारखं वाटलं होतं, ते खोटं कशाला सांगू?

पण हा काही स्वर्ग नव्हे. तज्ज्ञाची तारीख मिळायला सात महिने गेले. तेवढ्यात मी सुट्टीवर सांगलीला जाऊन आले. सकाळी फोन केला, संध्याकाळी कानाचा आलेख हातात. गाडी चालवायला भाऊ, भाताबरोबर बिनमिठाची आमटी करायला आई (तिच्या मते ते जेवण नव्हे, सुतक), आणि उलट्या होत असताना पाठीवर हात ठेवायला शेजारच्या काकू. इथं पहिल्या वर्षी मी बाथरूमच्या फरशीवर एकटी पडून असायची, फोन हाताशी, आणि कुणाला लावायचा याची यादी डोक्यात. ती यादी दोन नावांची होती.

शिवाय चार चौकटींपैकी दुसरी माझ्या कामाची नव्हतीच. वेळ कमी केला की पगार कमी, आणि कामाच्या व्हिसाला पगाराची किमान रक्कम लागते. जुलै २०२५ पासून सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंड झाली आहे. तेव्हा ती कमी होती, तरी आठवड्याला तीन दिवस काम करून मी तिच्याखाली गेले असते. कायमच्या वास्तव्याला दोन वर्षं उरली होती. गोऱ्या सहकाऱ्याला जी सवलत सहज मिळाली असती ती मला कागदावर होती, हातात नव्हती. हे मी घरी कधी बोलले नाही. परदेशात सगळं मस्त आहे हे सांगायची सवय आपल्यालाही असते. तेही एक पित्तच.

आता बॅचच्या ग्रुपवरच्या भांडणांकडे येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं विधान गाजलं. दोन्ही वेळा ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं देश असाच घडतो, दुसऱ्याचं घरदार आहे की नाही. मला दोघांशीही बोलता येईना. दोन्ही बाजूंनी धरून चाललेलं शरीर एकच, सोमवारी जसं तसं शुक्रवारी. माझा एक आठवडा पन्नास तासांचा होतो, पुढचा बाराचा. महिन्याची बेरीज काढली तर मी कुणाला मागे नाही. पण तास मोजणारा आठवड्याचेच मोजतो, आणि बारा तासांचा तो एक आठवडा लपवण्यासाठी माणूस बाकीचे तीन आठवडे मरमर करतो. अपुरी झोप आणि ताण यांनी झटके वाढतात असं बहुतेक रुग्ण सांगतात. मीही त्यांच्यातली.

दुसरं भांडण २०२४ चं. पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरून रान उठलं. चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्या पावसाळ्यात ग्रुपवर जे विनोद फिरले त्यांचा रोख एकाच व्यक्तीवर नव्हता. 'दिसत तर काहीच नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की शेवटी ग्रुप म्यूट केला. माझंही काही दिसत नाही. झटका नसताना मी मीटिंगमध्ये हसते, जिने चढते, गरबाही खेळले आहे.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. कमी ऐकू येणं त्यात आहे, पण दोन्ही कानांनी, ६० ते ७० डेसिबल. माझा डावा कान त्या मापात बसतो, उजवा ठणठणीत. तोल जाणं यादीत कुठेच नाही. ४० टक्क्यांखाली आरक्षण नाही, ते मला नकोही आहे. मला लागतं ते भिंतीकडचं टेबल, कॉलवर खाली उमटणारी अक्षरं आणि झटक्यानंतर दोन दिवस घरून काम. यासाठी टक्के लागतात हा आपल्याकडचा ठाम समज चुकीचा आहे. हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला ४० टक्के नाहीत म्हणून लोकसेवा परीक्षेत लेखनिक नाकारला होता. त्या खटल्यात २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. हे मी मैत्रिणीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "एचआरनं पहिला प्रश्न विचारला, सर्टिफिकेट किती टक्क्यांचं?"

संशय इथंही आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात सरकार अपंगांच्या भत्त्याचे निकष कडक करायला निघालं होतं, स्वतःच्याच खासदारांनी अडवल्यावर मागे हटलं. त्या आठवड्यांत इथल्या बसमध्ये ऐकलेली वाक्यं ग्रुपवरच्या वाक्यांची भाषांतरं वाटावीत अशी होती.

मैत्रिणीला मी ॲलन शेपर्डची गोष्ट सांगितली. मे १९६१ मध्ये अंतराळात गेलेला हा पहिला अमेरिकन, म्हणजे मेनियेरच्या मांडणीनंतर बरोबर शंभर वर्षांनी. दोन वर्षांत त्याला हाच आजार निघाला आणि उड्डाण बंद झालं. नासानं त्याला घरी पाठवलं नाही, अंतराळवीरांच्या कार्यालयाचा प्रमुख केलं. पुढे कानाची शस्त्रक्रिया झाली, १९६९ मध्ये परवानगी परत मिळाली, आणि १९७१ मध्ये अपोलो १४ मधून तो चंद्रावर चालला. शस्त्रक्रिया सगळ्यांना लागू पडते असं नाही. मला त्यातली मधली वर्षं आवडतात, टेबलामागची. ती म्हणाली, "त्याला नासा होती. मला हिंजवडीचा फ्लायओव्हर आहे."

फ्लायओव्हरवरून आठवलं. इथं अचानक चक्कर येत असेल तर गाडी बंद करून परवाना खात्याला स्वतः कळवणं कायद्यानं भाग आहे. मी कळवलं आणि दीड वर्ष बसनं फिरले, पावसात. आपल्याकडेही लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये कोणत्याही कारणानं अचानक भोवळ येते का, हा प्रश्न छापलेला आहे. तिचा तो फॉर्म पंधरा वर्षांपूर्वी एजंटनं भरला होता. आता ती वाकडहून गाडी चालवत जाते आणि दडा बसला की डावी लेन धरते. यावर आमचं भांडण झालं. चार दिवस बोललो नाही.

परवा तिनं मॅनेजरला पाठवायचा मेल मला वाचून दाखवला. सहा ओळी, नेमक्या. झटक्याच्या दिवशी काय होतं, दुसऱ्या दिवशी काय करता येतं, अमेरिकेशी रात्रीचा कॉल असेल तर सकाळी किती वाजता येईन. मी लिहिला असता त्यापेक्षा चांगला. विषयाच्या ओळीत होतं, 'ॲसिडिटीबाबत'.

"ते काढ," मी म्हटलं.

"काढते," ती म्हणाली. "अप्रेझल होऊ दे आधी."